ग्रेट ब्लास्केट बेटावरील राष्ट्रीय शाळा

ग्रेट ब्लास्केट बेटावरील राष्ट्रीय शाळा ही आयर्लंडच्या केरी काउंटीतील एक ग्रामीण प्राथमिक शाळा होती. डिंगल द्वीपकल्पाच्या पश्चिम टोकासमोर अटलांटिक महासागरात असलेल्या ग्रेट ब्लास्केट या बेटावर ती १८६४ मध्ये सुरू झाली आणि पुरेशी मुले न उरल्यामुळे १९४१ मध्ये बंद झाली. त्यानंतर बारा वर्षांनी, १९५३ मध्ये, बेटावरील वस्तीही उठली.

सुमारे पाऊण शतक चाललेल्या या लहान शाळेचा इतिहास दोन कारणांनी महत्त्वाचा आहे. आयरिश भाषा बोलणाऱ्या मुलांना येथे दीर्घकाळ इंग्रजीतून शिकवले गेले. तरीही याच बेटाने विसाव्या शतकातील आयरिश साहित्याला काही प्रमुख आत्मचरित्रे दिली. दुसरे म्हणजे, शाळा बंद पडणे आणि गाव ओस पडणे यांचा परस्परसंबंध येथे स्पष्टपणे दिसतो. सामुद्रधुनीपलीकडील डून खीन या गावाने १९७० ते १९७३ या काळात स्वतःची शाळा टिकवण्यासाठी जो लढा दिला, तो या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो.

स्थान आणि समाज

ग्रेट ब्लास्केट हे ब्लास्केट द्वीपसमूहातील सर्वांत मोठे बेट आहे. मुख्य भूमीच्या सर्वांत जवळच्या भूशिरापासून ते सुमारे दोन किलोमीटर अंतरावर आहे. मात्र मधल्या सामुद्रधुनीतील प्रवाह आणि वारे यांमुळे हा प्रवास बेभरवशाचा असे; हिवाळ्यात बेटाचा संपर्क कित्येक दिवस तुटत असे. लाकडी सांगाड्यावर डांबर लावलेले कापड ताणून केलेली ‘नेवोग’ नावाची हलकी होडी हेच दळणवळणाचे साधन होते. माल, टपाल, गुरे, पाहुणे आणि शिक्षक हे सर्व या होडीतूनच बेटावर येत.

वस्ती बेटाच्या मुख्य भूमीकडील उतारावर एकवटलेली होती. मासेमारी, थोडी शेती, मेंढपाळी, सशांची शिकार आणि इंधनासाठी पीट खोदणे यांवर लोकांचा निर्वाह चाले. १८४५ नंतरच्या महादुष्काळात बेटाची लोकसंख्या घटली, पण पुढे ती पुन्हा वाढली. १९१६ मध्ये ती १७६ होती व हा बेटावरील लोकसंख्येचा उच्चांक मानला जातो. बेटावर डॉक्टर, निवासी धर्मगुरू किंवा दुकान यांपैकी काहीही नव्हते. शाळा ही बेटावरील जवळजवळ एकमेव सार्वजनिक संस्था होती. बेटावर राहून पगारी काम करणारी बाहेरची व्यक्ती म्हणजे प्रामुख्याने शिक्षक.

राष्ट्रीय शाळांची व्यवस्था

आयर्लंडमध्ये सरकारी मदतीने चालणाऱ्या प्राथमिक शाळेला ‘राष्ट्रीय शाळा’ म्हणतात. ही व्यवस्था सुरू होण्यापूर्वी ग्रामीण भागातील कॅथलिक मुले बहुधा ‘कुंपणशाळां’मध्ये शिकत. अठराव्या शतकात कॅथलिकांच्या शिक्षणावर कायद्याने निर्बंध होते. त्यामुळे शिक्षक खोपटात, गोठ्यात किंवा कुंपणाच्या आडोशाला मुलांना जमवून शिकवत आणि पालकांकडून मिळणाऱ्या फीवर, कधी पीट किंवा अन्नधान्यावर गुजराण करत. निर्बंध उठल्यावरही या खासगी शाळा बराच काळ चालू राहिल्या.

१८३१ मध्ये आयर्लंडचे तत्कालीन मुख्य सचिव एडवर्ड स्टॅन्ली यांच्या पत्रानुसार राष्ट्रीय शिक्षण मंडळ स्थापन झाले. सर्व पंथांच्या मुलांनी लौकिक विषय एकत्र शिकावेत आणि धर्मशिक्षण स्वतंत्रपणे घ्यावे, असा मूळ उद्देश होता. प्रत्यक्षात बहुतेक शाळा एकेका पंथाच्या ताब्यात गेल्या. शाळेचा व्यवस्थापक बहुधा स्थानिक धर्मगुरू असे. शिक्षक नेमण्याचा व काढण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. वेतन, पाठ्यपुस्तके आणि तपासणी मंडळाकडे होती. मंडळाची पाठ्यपुस्तके इंग्रजीत होती आणि देशातील लाखो मुलांची घरची भाषा आयरिश असूनही शिक्षणाचे माध्यम इंग्रजीच ठरले.

१८७२ पासून शतकाच्या अखेरीपर्यंत ‘निकालानुसार वेतन’ ही पद्धत लागू होती. तपासनीस वर्षातून एकदा प्रत्येक मुलाची परीक्षा घेई आणि शिक्षकाच्या मिळकतीचा काही भाग त्या निकालावर ठरे. त्यामुळे वाचन, लेखन आणि अंकगणित यांच्या पाठांतराला महत्त्व आले आणि मातृभाषेकडे लक्ष देण्याचे कोणतेही कारण शिक्षकाला उरले नाही.

बेटावरील पहिली शाळा

राष्ट्रीय शाळेपूर्वी, १८४०च्या सुमारास, डिंगल परिसरात कार्यरत असलेल्या प्रॉटेस्टंट मिशनने बेटावर एक शाळा चालवली होती. पश्चिम आयर्लंडमधील अशा मिशनांनी आयरिश भाषेतील बायबलचा धर्मप्रसारासाठी उपयोग केला. दुष्काळाच्या काळात अन्न मिळवण्यासाठी पंथ बदलल्याचा ठपका ठेवून कॅथलिक समाजात अशा कुटुंबांना ‘सूपवाले’ असे हिणवले जाई. ही शाळा फार काळ टिकली नाही. कॅथलिक धर्मगुरूंच्या व्यवस्थापनाखालील राष्ट्रीय शाळा दुर्गम गावांपर्यंत नेण्यामागे मिशनच्या प्रभावाला पायबंद घालण्याचाही हेतू असे.

स्थापना आणि आरंभीचा काळ

१८६४ मध्ये सुरू झालेल्या शाळेच्या पहिल्या वर्षांचे चित्र मुख्यतः टोमास ओ’क्रोहन (सुमारे १८५५–१९३७) यांच्या आत्मचरित्रातून मिळते. शिक्षक बेटावर पहिल्यांदा आला तेव्हा ते सुमारे दहा वर्षांचे होते. पुढे ‘बेटाचा राजा’ या बिरुदाने ओळखला गेलेला आणि टपाल वाहून आणणारा गृहस्थ त्यांचा सहाध्यायी होता. ‘राजा’ हे पद वंशपरंपरागत सत्तेचे नव्हते. बाहेरच्या जगाशी बोलणी करणाऱ्या मान्यवर माणसाला बेटकऱ्यांनी दिलेला तो मान होता.

शाळेत सातत्य नव्हते. बेटावरचा एकांत, अपुरी राहण्याची सोय आणि हवामान यांमुळे शिक्षक फार काळ टिकत नसत. एक शिक्षक गेला की दुसरा येईपर्यंत शाळा बंद राही. मासेमारीच्या किंवा पीट खोदण्याच्या दिवसांत मोठी मुले कामाला जात. १८९२ च्या कायद्याने आयर्लंडमध्ये सक्तीचे शिक्षण आले खरे, पण त्याचा रोख शहरांवर होता. संपूर्ण देशाला लागू होणारा उपस्थितीचा प्रभावी कायदा १९२६ मध्ये झाला.

तपासनिसाची भेट हा मुलांसाठी धास्तीचा प्रसंग असे. ओ’क्रोहन यांनी चष्मा लावलेल्या एका तपासनिसाचे वर्णन केले आहे. मुलांनी तोपर्यंत चष्मा पाहिलेला नसल्याने चार डोळ्यांच्या या माणसाने वर्गात खळबळ उडवली. प्रसंग विनोदी असला, तरी परीक्षक आणि परीक्षार्थी यांच्या जगांतील अंतर त्यातून कळते.

शाळेची इमारत केवळ वर्गांपुरती नव्हती. बेटावर चर्च नसल्यामुळे सामूहिक प्रार्थना आणि धर्मगुरूच्या वार्षिक भेटीतील विधी यांसाठीही तिचा उपयोग होई.

माध्यमभाषेचा प्रश्न

बेटावरील व्यवहाराची भाषा आयरिश होती. पहिल्यांदा शाळेत आलेल्या मुलाला शिक्षकाच्या पुस्तकातील भाषा बहुधा समजत नसे. शाळेत मिळणारी साक्षरता इंग्रजीची होती; घरात ऐकलेल्या कथा, गाणी, म्हणी आणि वंशावळी यांना वर्गात स्थान नव्हते.

या व्यवस्थेला पालकांचा सरसकट विरोध होता असे मात्र नाही. अमेरिकेला जाणाऱ्या मुलाला इंग्रजी उपयोगी पडणार, हे उघड होते. पत्रव्यवहार, बाजार, न्यायालय आणि नोकरी या सर्वांची भाषा इंग्रजी होती. आयरिश ही गरिबीची भाषा आणि इंग्रजी ही सुटकेची भाषा, अशी समजूत एकोणिसाव्या शतकात दृढ होत गेली. शाळेने ती निर्माण केली नसली, तरी तिला अधिकृत रूप दिले.

धोरण हळूहळू बदलले. १८७०च्या दशकाच्या अखेरीस आयरिश हा जादा विषय म्हणून शिकवण्यास परवानगी मिळाली. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक लीग या संघटनेने भाषेच्या पुनरुज्जीवनाची चळवळ उभारली आणि १९०४ मध्ये आयरिशभाषक भागांसाठी द्वैभाषिक अभ्यासक्रम मान्य झाला.

शाळा आणि ब्लास्केटचे साहित्य

टोमास ओ’क्रोहन यांना शाळेत इंग्रजी वाचायला शिकवले गेले. मातृभाषा वाचायला ते प्रौढपणी शिकले. खराब हवामानामुळे मुख्य भूमीवरील डून खीन येथे अडकून पडावे लागे, तेव्हा ते ज्या घरी उतरत तेथील मुले शाळेत आयरिश शिकत होती. त्या मुलांच्या पुस्तकांतून ओ’क्रोहन यांना आयरिश अक्षरांची ओळख झाली. घरात ऐकलेली भाषा कानांत पक्की असल्याने वाचन त्यांना लवकर साधले. तेव्हा ते चाळिशीच्या आसपास होते.

१९०७ मध्ये नॉर्वेजियन भाषाशास्त्रज्ञ कार्ल मार्स्ट्रांडर आयरिश शिकण्यासाठी बेटावर आले आणि ओ’क्रोहन त्यांचे शिक्षक झाले. १९१० मध्ये ब्रिटिश म्युझियममधील हस्तलिखितांचे अभ्यासक रॉबिन फ्लॉवर आले. शाळेने दुर्लक्षिलेल्या भाषेसाठी विद्वान समुद्र ओलांडून येऊ लागले. १९१७ मध्ये आलेल्या ब्रायन केली यांनी ओ’क्रोहन यांना गॉर्की आणि लोती यांची पुस्तके वाचून दाखवली व स्वतःचे जीवन लिहिण्यास उद्युक्त केले. त्यातून ‘अन तिलॉनाख’ (बेटकरी) हे आत्मचरित्र १९२९ मध्ये प्रकाशित झाले. फ्लॉवर यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला.

पेग सेअर्स (१८७३–१९५८) यांचा जन्म डून खीनच्या परिसरात झाला आणि त्यांचे शिक्षणही तेथील शाळेत झाले. लहान वयातच त्या डिंगल येथे घरकामाच्या नोकरीला गेल्या आणि विवाहानंतर ब्लास्केटवर आल्या. त्यांच्याकडे लोककथांचा प्रचंड साठा होता, परंतु शाळा इंग्रजीतून झाल्यामुळे त्यांना आयरिश लिहिता येत नव्हती. त्यांचे आत्मचरित्र त्यांनी सांगितले आणि मुलाने लिहून घेतले. १९३६ मध्ये प्रकाशित झालेले हे पुस्तक पुढे आयर्लंडच्या माध्यमिक शाळांत दीर्घकाळ पाठ्यपुस्तक होते. ज्या भाषेत लेखिकेला अक्षरओळख मिळाली नाही, त्या भाषेच्या परीक्षेसाठी तिचे पुस्तक नेमले गेले.

मॉरिस ओ’सलिव्हन (१९०४–१९५०) यांची वाट उलटी होती. आईच्या मृत्यूमुळे त्यांचे सुरुवातीचे बालपण डिंगल येथील अनाथालयात, इंग्रजी वातावरणात गेले. सुमारे सात वर्षांचे असताना ते बेटावर परतले आणि आयरिश तेथे शिकले. इंग्रज अभ्यासक जॉर्ज थॉमसन यांच्या प्रोत्साहनाने लिहिलेले त्यांचे ‘फिहे ब्लिअन इग फॉस’ (वाढीची वीस वर्षे) हे पुस्तक १९३३ मध्ये प्रकाशित झाले. त्याच्या इंग्रजी अनुवादाला कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांची प्रस्तावना आहे.

शाळेतील शिक्षिकेचा दृष्टिकोनही या साहित्यात उपलब्ध आहे. १९२७ ते १९३४ या काळात बेटावर शिकवणाऱ्या नोरा नी हे यांनी आपल्या वास्तव्यावर लिहिलेले आयरिश पुस्तक १९४० मध्ये प्रकाशित झाले. त्या स्वतः डिंगल द्वीपकल्पातीलच होत्या आणि आयरिशभाषक होत्या. पहिल्या पिढीतील शिक्षकांपेक्षा त्यांचे मुलांशी नाते वेगळे होते.

स्वतंत्र आयर्लंडमधील काळ

१९२२ मध्ये आयरिश मुक्त राज्य अस्तित्वात आल्यावर राष्ट्रीय शाळांत आयरिश अनिवार्य झाली. आयरिशभाषक भागांना ‘गेलटाख्त’ म्हणून विशेष दर्जा मिळाला. १९२६ पासून आयरिश जाणणारे शिक्षक घडवण्यासाठी तयारी महाविद्यालये उघडण्यात आली. १९३०च्या दशकात गेलटाख्तमधील आयरिश बोलणाऱ्या शाळकरी मुलांच्या कुटुंबांना प्रत्येक मुलामागे वर्षाला २ पौंड अनुदान मिळू लागले.

अशा रीतीने, जी भाषा शाळेच्या दाराबाहेर ठेवायची होती, तिच्यासाठीच शासन पैसे देऊ लागले. पण बेटाच्या मूलभूत अडचणी तशाच राहिल्या. सुरक्षित धक्का, नियमित बोट, वैद्यकीय मदत आणि मासळीला बाजारपेठ यांवाचून केवळ भाषेच्या गौरवाने तरुण कुटुंबे बेटावर थांबणे शक्य नव्हते.

स्थलांतर आणि शाळेचा शेवट

बेटावरील तरुण मुख्यतः अमेरिकेला जात आणि त्यांपैकी अनेक जण मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड या शहरात स्थायिक झाले. आधी गेलेली बहीण किंवा भाऊ पुढच्याचे तिकीट पाठवी. अशा रीतीने एकाच घरातील अनेक भावंडे ओळीने निघून जात. निघण्याच्या आदल्या रात्री मित्र-नातलग जमत. जाणारा परत येण्याची शक्यता थोडी असल्याने या मेळाव्याला जिवंत माणसाचा जागर मानण्याची आयर्लंडमध्ये रीत होती.

मुली मोठ्या संख्येने गेल्यामुळे बेटावरील विवाह कमी झाले. विवाह कमी झाल्यामुळे जन्म कमी झाले आणि त्याचा परिणाम काही वर्षांनी शाळेच्या पटावर दिसला. १९३०च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थ्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. १९४१ मध्ये शाळा बंद करण्यात आली.

शाळा बंद होणे हे वस्तीच्या ऱ्हासाचे मूळ कारण नव्हते. तो आधीच सुरू झालेल्या प्रक्रियेचा परिणाम होता. परंतु त्या निर्णयाने ती प्रक्रिया मागे फिरणे जवळजवळ अशक्य झाले. मुले असलेल्या कुटुंबाला बेटावर राहायचे, तर मुलांना शिक्षणाशिवाय ठेवावे लागणार होते किंवा मुख्य भूमीवरील नातलगांकडे पाठवावे लागणार होते. नव्या विवाहित जोडप्याला बेटावर संसार थाटण्याचे कारण उरले नाही.

१९४६-४७ च्या हिवाळ्यात एका तरुणाचा मेंदूच्या आवरणाच्या दाहामुळे मृत्यू झाला. वादळामुळे डॉक्टर किंवा धर्मगुरू त्याच्यापर्यंत पोहोचू शकला नाही. एप्रिल १९४७ मध्ये, वादळाने कोंडलेल्या आणि अन्न संपलेल्या बेटकऱ्यांनी पंतप्रधान एमन डी व्हॅलेरा यांना मदतीसाठी तार केली. बेटावरून हलवण्याची मागणी पुढे रहिवाशांनीच लावून धरली. १७ नोव्हेंबर १९५३ रोजी स्थलांतराला सुरुवात झाली. तेव्हा बेटावर २२ जण राहत होते. त्यांपैकी बहुतेकांना समोरच्या डून खीन येथे, आपले बेट दिसेल अशा अंतरावर, घरे मिळाली.

डून खीन शाळेचा लढा

मुख्य भूमीवरील डून खीनच्या शाळेपुढेही पुढे तोच प्रश्न उभा राहिला. १९६०च्या दशकात आयर्लंडमधील राष्ट्रीय शाळांपैकी सुमारे दोन तृतीयांश शाळा एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी होत्या. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘शिक्षणातील गुंतवणूक’ या अहवालाने अशा शाळांतील अपुऱ्या सुविधा आणि मुलांची मंद प्रगती यांकडे लक्ष वेधले. त्यानंतर शासनाने लहान शाळा जवळच्या मोठ्या शाळांत विलीन करून मुलांना वाहनाने नेण्याचे धोरण स्वीकारले. जुन्या, थंड आणि पाण्याची सोय नसलेल्या अनेक इमारती त्यामुळे बंद झाल्या. मात्र अनेक गावांनी आपली एकमेव संस्थाही गमावली.

१९७० मध्ये डून खीनची शाळा बंद करून मुलांना बॅलिफेरिटर येथील शाळेत पाठवण्याचा निर्णय झाला. गावकऱ्यांनी तो मानला नाही. शासनाची मान्यता आणि अनुदान नसताना त्यांनी स्वयंसेवकांच्या मदतीने शाळा चालू ठेवली. आयरिश भाषेच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्यांना साथ दिली. गावकऱ्यांच्या दृष्टीने प्रश्न वर्गखोलीपुरता नव्हता. समोरच्या बेटावर शाळेपाठोपाठ गाव गेलेले त्यांनी पाहिले होते आणि त्यांच्यातील काही कुटुंबे त्याच बेटावरून आली होती. १९७३ मध्ये सत्तांतर झाल्यावर नव्या आघाडी सरकारने शाळेला पुन्हा मान्यता दिली.

याच काळात डेव्हिड लीन दिग्दर्शित ‘रायन्स डॉटर’ (१९७०) या चित्रपटाचे चित्रीकरण डून खीनच्या परिसरात झाले. एका ग्रामीण शाळामास्तराच्या पत्नीची कथा सांगणाऱ्या या चित्रपटासाठी समुद्रकाठी शाळेची एक इमारत उभारण्यात आली होती. खरी शाळा बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा चित्रपटातील शाळा तेथे उभी होती.

वारसा

ग्रेट ब्लास्केटवर आज कायमची वस्ती नाही. उन्हाळ्यात पर्यटक बोटीने तेथे जातात आणि जुन्या घरांचे अवशेष पाहतात. डून खीन येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या ब्लास्केट केंद्रात बेटाचे जीवन, भाषा आणि साहित्य यांविषयीचे प्रदर्शन आहे.

शिक्षणाच्या इतिहासात या शाळेकडे दोन बाजूंनी पाहता येते. तिने दुर्गम बेटावरील मुलांना अक्षरओळख दिली आणि परदेशात जगण्याचे एक साधन दिले. त्याच वेळी, मुलांजवळ आधीपासून असलेले ज्ञान तिने दीर्घकाळ ज्ञान मानले नाही. ब्लास्केटचे लेखक घडले ते शाळेतून मिळालेली वाचनाची सवय आणि शाळेबाहेर टिकलेली भाषा या दोहोंच्या संयोगातून. त्यांपैकी दुसरी गोष्ट त्यांना शेकोटीभोवतीच्या गोष्टींनी, होडीतल्या संभाषणांनी आणि शेजारच्या गावातील शाळकरी मुलांच्या पुस्तकांनी दिली.

कालपट

१८३१ – आयर्लंडमध्ये राष्ट्रीय शाळांची व्यवस्था सुरू.
१८४०च्या सुमारास – बेटावर प्रॉटेस्टंट मिशनची शाळा.
१८६४ – बेटावर राष्ट्रीय शाळा सुरू.
१९०४ – आयरिशभाषक भागांसाठी द्वैभाषिक अभ्यासक्रम.
१९१६ – बेटाची लोकसंख्या १७६.
१९२२ – राष्ट्रीय शाळांत आयरिश अनिवार्य.
१९२९, १९३३, १९३६ – ओ’क्रोहन, ओ’सलिव्हन आणि सेअर्स यांची आत्मचरित्रे प्रकाशित.
१९४१ – शाळा बंद.
१९५३ – बेटावरील वस्तीचे स्थलांतर.
१९७० – डून खीनची शाळा बंद करण्याचा निर्णय, गावकऱ्यांचा विरोध.
१९७३ – डून खीनच्या शाळेला पुन्हा मान्यता.
१९९३ – डून खीन येथे ब्लास्केट केंद्र सुरू.